उंदरांची हळद

‘हळदीने मेंदू तल्लख’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनमुळे उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी निगडित भागात नव्या चेतापेशी वाढल्याचे २००८च्या संशोधनात दिसले, हे खरे. पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम दोन ते पाच टक्के, त्यातलेही रक्तात फारच थोडे उतरते. अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन देऊनही उपयोग झाला नाही, हा २०१२ मधला निष्कर्ष लेखात नाही. आमच्या शेजारच्या आजींनी लेख वाचून विसराळूपणाच्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि दुधात चमचा-चमचा हळद ढवळायला घेतली. पातेले पिवळे, पदर पिवळा! मुलाला कळायला चार दिवस गेले. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे मथळ्यातच छापायला हवे होते.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, भवानी पेठ, सोलापूर