व्हिएन्नाच्या स्वस्त हॉटेलातून घरी

व्हिएन्ना, शनिवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. जेवलेय, कानटोपी घातलेय, पायमोजे दोन-दोन घातलेत. म्युनिकचं ऑफिस, भाडं, डबा सगळं तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. हॉटेलचं मात्र सविस्तर लिहिते, कारण जूनमध्ये तुम्ही आलात की दोन रात्री इथेच काढायचा माझा बेत आहे. बाबा, पत्राची प्रिंट काढून ठेवा.

आई, "असल्या ठिकाणी कशाला उतरतेस" हे तू फोटो बघून म्हणालीस. फोटोत जिना दिसतो, खोली नाही. जुनी, जाड भिंतींची इमारत आहे. तिचा एक मजला हॉटेलचा आणि बाकी मजल्यांवर बिऱ्हाडं. रात्रीचे ६२ युरो पडतात. याच खोलीला ख्रिसमसच्या बाजाराच्या दिवसांत खूप जास्त मोजावे लागतात, जानेवारी उजाडला की भाव उतरतात. पैसे वाचतात ते लॉबी, रूम सर्व्हिस, रात्रभर काउंटरवर बसणारा माणूस या गोष्टींचे. स्वच्छतेत कुठे काटकसर नाही. वेस्टबानहोफ स्टेशन जवळ आहे आणि तिथून यू-३ मेट्रोने पाचवं स्टेशन म्हणजे थेट श्टेफान्सप्लाट्झ, मोठ्या चर्चच्या दारात. लांबचं चकचकीत हॉटेल घेऊन रोज तासभर प्रवास करण्यापेक्षा हे बरं.

आता पोहोचल्यावर काय करायचं ते. पत्ता १२/२/१५ असा तिरक्या रेघांचा असतो. १२ हा घराचा नंबर, २ म्हणजे दुसरा जिना, १५ म्हणजे दार. पहिल्या जिन्याने वर गेलात तर १५ नंबर सापडणारच नाही, कारण मधे अंगण असतं. रिसेप्शन संध्याकाळी बंद होतं. उशिरा येणाऱ्यांना ईमेलने कोड येतो, त्याने दाराजवळची छोटी पेटी उघडून किल्ली घ्यायची. हा कोड कागदावर लिहून ठेवायचा, मोबाइलच्या भरवशावर राहायचं नाही. लोक अडकतात ते इथेच: बाहेर थंडीत बॅटरी अचानक संपते आणि कोड फोनमध्येच राहतो. खोली दुपारी तीननंतर मिळते, पण सामान सकाळी नेऊन ठेवलं तर चालतं. पासपोर्ट दाखवावा लागतो, नोंद करून लगेच परत देतात. ठेवून घेत नाहीत, बाबा.

तुमच्या गुडघ्यासाठी एक गोष्ट बघायलाच हवी. इथल्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या वर 'होखपार्टेर', त्यावर 'मेझानिन' असे दोन जादा मजले आणि मग कुठे पहिला मजला सुरू होतो. म्हणजे कागदावरचा तिसरा मजला पायांना पाचवा पडतो, आणि इथे एकेका मजल्याची उंचीही भरपूर. लिफ्ट नंतर बसवलेली असते, दोन माणसं आणि एक बॅग एवढीच मावते. काही ठिकाणी ती सुरूच होते अर्धा मजला चढून गेल्यावर. म्हणून बुकिंग करताना "लिफ्ट आहे का" एवढंच नाही, "रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती" हेही मी विचारणार आहे. तसंच संडास खोलीत की बाहेर, हेही. स्वस्त ठिकाणी कधी कधी शॉवर खोलीत आणि संडास कॉरिडॉरमध्ये असतो. ते वर्णनात लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात.

बाथरूममध्ये बादली-मग नाही, जेटही नाही. प्लॅस्टिकचा एक तांब्या घेऊन या, सगळं भागतं. पाणी फक्त शॉवरच्या चौकोनातच सांडायचं. बाहेरच्या फरशीला जाळीच नसते, तिथे सांडलेलं पाणी खालच्याच्या छतातून टपकतं. टॉवेल टांगून ठेवला तर "अजून वापरतोय", जमिनीवर टाकला तर "बदला", असा संकेत आहे. डबलबेडवर पांघरुणं दोन स्वतंत्र असतात, त्यामुळे तुमचं रात्रीचं भांडण मिटेल. फोनच्या दोन पिनांच्या चार्जरला काही अडचण नाही, विजेचा दाब आपल्यासारखाच २३०. तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही, अडॅप्टर मी देईन.

आता तुम्हाला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट. ही माणसं भर थंडीत, बाहेर शून्याच्या खाली असताना, खिडक्या सताड उघडतात. तेही रोज, दोन-तीनदा, घड्याळ लावल्यासारखं. सकाळी खोली आवरायला येणारी बाई आधी खिडकी उघडते, मग चादरीला हात लावते. आई, ती वेडी नाही. खिडक्यांना दुहेरी काच आणि रबराची पट्टी असते, फटीतून हवा म्हणून येत नाही. रात्रभर दोन माणसांचा श्वास आणि सकाळच्या आंघोळीची वाफ खोलीतच कोंडते. ती वाफ गार काचेवर आणि गार कोपऱ्यात पाणी होऊन बसते, मग कपाटामागे काळी बुरशी धरते. बाहेरची हवा थंड म्हणून कोरडी. पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडली की आतली दमट हवा जाते, कोरडी येते, आणि भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. खिडकी लावल्यावर खोली लगेच पुन्हा ऊबदार होते. दिवसभर थोडीशी उघडी ठेवणं हे उलट चुकीचं. त्याने खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते.

हीटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. बाबा, तुम्ही ५ वर फिरवाल, मला माहीत आहे, पण त्याने खोली लवकर तापत नाही. आकडा म्हणजे कुठवर तापवायचं ते, किती वेगाने ते नाही. खिडकी उघडण्याआधी चकती चांदणीच्या खुणेवर आणायची. नाहीतर गार वारा लागला की तिला वाटतं खोली थंडावली, आणि ती हीटर पूर्ण चालू करते.

खिडकीची मूठसुद्धा नीट समजून घ्या. मूठ खाली म्हणजे बंद. आडवी केली की खिडकी दारासारखी आत उघडते. वर केली की खालून जागेवर राहते आणि वरून आत कलते. एका स्थितीतून दुसरीत जाताना खिडकी आधी चौकटीला दाबून पूर्ण बंद करायची, मगच मूठ फिरवायची. उघडी असतानाच फिरवली तर वरची बिजागरी सुटते आणि अख्खं तावदान खालच्या एका कोपऱ्यावर लोंबतं. आता डोक्यात पडतं की काय असं वाटतं, पण खालची बिजागरी त्याला धरून असते. हाताने टेकू द्यायचा, ओढाताण करायची नाही, रिसेप्शनला सांगायचं. त्यांना हे नेहमीचंच आहे.

जूनमध्ये हीटर लागणार नाही, पण खिडकीचं काम तेव्हाच जास्त. अशा हॉटेलांत बहुधा एसी नसतो. पहाटे उघडायची, ऊन चढलं की काच आणि पडदा दोन्ही लावून घ्यायचे. खोली अंगणाकडची मागायची, रस्त्याकडच्या खोलीत ट्रामचा खडखडाट पहाटेपासून सुरू होतो.

पाणी विकत घेऊ नका. नळाला येतं ते आल्प्सच्या झऱ्यांचं. पहिली जलवाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची, अजून दोन्ही चालू आहेत. बाथरूमच्या बेसिनचं थंड पाणी बाटलीत भरायचं, गरम नळाचं प्यायचं नाही. बाटली विकत घेतलीच तर २५ सेंट अनामत जास्त पडते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. चेपायची मात्र नाही, चेपलेली मशीन घेत नाही.

खाण्याचं आई, तू उगाच काळजी करतेस. हॉटेलचा नाश्ता १२ युरो, तो मी घेत नाही. खालच्या सुपरमार्केटात पाव, चीज, दही, केळी मिळतात. फक्त शनिवारी सहाला दुकानं बंद होतात ती सोमवारी उघडतात. रविवारी मोठ्या स्टेशनांतली तेवढी चालू असतात आणि तिथे रांग लागते. बाबांनी दोन पदार्थांपासून जपायचं: पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं पातळ सूप आणि बटाट्याचं सॅलड. दोन्ही दिसायला शाकाहारी, पण सूप गोमांसाच्या पाण्याचं असतं आणि सॅलडमध्येही बहुतेकदा तेच पाणी घालतात. खोलीत शिजवायचं नाही. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो आणि दंड बसू शकतो. तयार उपम्याची पाकिटं आण, गरम पाणी रिसेप्शनला मागू.

मेट्रोला फाटक नाही म्हणून फुकट आहे असं समजू नका. कागदी तिकीट निळ्या पेटीत छापून घ्यायचं. छापलं नाही तर खिशात तिकीट असूनही दंड, तोही शंभर युरोंच्या वर. रात्री एकटीने फिरण्याचं विचारलंत, तर ट्राम भरलेल्या असतात, रस्ते उजळलेले असतात, ११२ नंबर फोनमध्ये आहे. मी नऊच्या आत खोलीत आले होते.

व्हिसाचं मनूच्या लग्नानंतर बघू म्हणू नका, उशीर होईल. जास्त दिवस जर्मनीत राहणार म्हणून अर्ज जर्मनीचा, त्याच व्हिसावर इथे येता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी माणशी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा. बाबा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालायला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. आजच काढून बघा.

काकू विचारत होत्या ना, साखरपुड्याला रजा नाही आणि व्हिएन्ना कशी सुचली म्हणून? त्यांना सांगा, इथे यायला रजा लागत नाही. रेल्वेने चार तास, शनिवार-रविवार सुट्टीच असते. कराडला यायला आठवडा हवा, आणि तो मी मे महिन्यातल्या लग्नासाठी राखून ठेवलाय. मनूला वाईट वाटलंय का? माझ्याशी हसूनच बोलते ती, म्हणून विचारते. साखरपुड्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून फोन कुठेतरी टेकवून ठेवा, कुणी हातात धरून बसू नका. मी सकाळपासून जागी असेन.

मंगल कार्यालयाचे ७५ हजार सोमवारी पाठवते, तुमच्या खात्यावर जमा व्हायला दोन-तीन दिवस लागतील. त्यांना गुरुवारपर्यंत थांबायला सांगा. या सहलीचा खर्च त्यातून गेलेला नाही, तो वेगळा होता. दागिन्यांचं कर्ज काढू नका, बाबा. एप्रिलमध्ये मी अजून देईन.

आणि आत्याने आणलेलं पुण्याचं स्थळ. धाकटीचं आधी होतंय म्हणून लोक बोलतात, ते तुम्हाला ऐकावं लागतं, हे कळतं मला. मुलाचा फोटो आणि माहिती पाठवायला हरकत नाही असं आत्याला कळवा. पत्रिका एवढ्यात देऊ नका, आणि याला होकार समजू नका. मे महिन्यात आले की समोरासमोर बोलू.

आजीला नमस्कार सांगा. तिच्या औषधांची यादी पाठवायची राहिलीय, ती उद्या पाठवा, इथे विचारून बघते.

तुमची,
थोरली

ता. क. आई, फोटोत जिन्यात दिसणारा माणूस पोस्टमन आहे.