जिममधल्या दादाला, प्रोग्रॅम निवडून दिल्याबद्दल थँक्यू

दादा,

समोर थँक्यू म्हटलं की तू "चल सेट लाव" म्हणून विषयच संपवतोस, म्हणून इथे लिहितोय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय कारण कुठला प्रोग्रॅम करू म्हणून डोकं खात बसलेले माझ्यासारखे भरपूर जण आहेत.

मी विचारलं होतं की इंटरमीडिएटवाल्याने कुठला प्रोग्रॅम घ्यावा. किती वर्षं जिम करतोस हे तू विचारलंच नाहीस. बेंचवर बसलास, माझा फोन घेतलास, नोट्समधले स्क्वॉटचे (खांद्यावर बार घेऊन बैठक) आकडे अंगठ्याने वर-खाली करत वाचलेस आणि म्हणालास, "दर वेळी वजन वाढवायचं, असं सलग कधी करून बघितलंयस?" बस, एवढंच. मग समजावलंस की दर वर्कआउटला वजन वाढू शकतंय तोवर माणूस बिगिनर, आठवड्याला वाढतंय तर इंटरमीडिएट, आणि महिना किंवा जास्त लागत असेल तर ॲडव्हान्स्ड, मग जिमचं कार्ड कितीही जुनं असो. मोठा गॅप पडून परत आलेला माणूसही काही दिवस पहिल्याच गटात, हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सहा दिवसांचा स्प्लिट (रोज वेगळे स्नायू) बाजूला आणि आठवड्यातून ३ दिवस फुल बॉडी, स्क्वॉट, प्रेस (उभं राहून बार डोक्यावर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), ५ रेप्सचे म्हणजे सलग ५ वेळा उचलण्याचे ३ सेट (डेडलिफ्टचा एकच), दर वेळी २.५ किलो जास्त, सेटच्या मधे ३ ते ५ मिनिटं गपचूप बसायचं. बसणं हे सगळ्यात अवघड होतं, खरंच. वर तू हेही सांगून ठेवलंस की हे कायम चालणार नाही, आठवड्याला साडेसात किलो म्हणजे वर्षाला ३९० किलो होतात, तेवढा स्क्वॉट कोण मारतंय!

प्रेस अडकला तेव्हा मी लगेच नवीन प्रोग्रॅम शोधायला लागलो होतो, तर तू म्हणालास नळ गळतोय म्हणून घर पाडतोस का. स्क्वॉट मस्त चाललाय, तो तसाच राहू दे. ३० किलोच्या प्रेसवर २.५ किलो म्हणजे ८ टक्क्यांच्या वर उडी, तीच १०० किलोच्या स्क्वॉटवर अडीच टक्के, आणि तुझ्या बॅगेतून त्या अर्ध्या किलोच्या दोन चकत्या काढून बारला लावल्यास. त्या बघून शेजारचे दोघं हसले होते, पण प्रेस हलला ना!

पुढे स्क्वॉटही थांबला. तीनदा फेल, १० टक्के कमी करून परत चढलो, तर परत त्याच वजनाला थांबला, तेव्हा कुठे तू "आता बदल" म्हणालास आणि जिम वेंडलर नावाच्या अमेरिकन पॉवरलिफ्टरचा ५/३/१ हा प्रोग्रॅम दिलास. त्यातलं गणित मला आजही आवडतं. बेंच प्रेस ६० किलोला ५ रेप्स, म्हणजे अंदाजे मॅक्स (एकदाच उचलता येईल ते वजन) ७०, त्याचे ९० टक्के ६३, आणि सगळे टक्के त्या ६३ वर काढायचे, म्हणजे पहिल्या आठवड्यातला सगळ्यात जड सेट ८५ टक्क्यांचा, साधारण ५३.५ किलोचा. मला वाटलं हा माणूस मला मागे नेतोय. पण शेवटच्या सेटला जमतील तेवढ्या रेप्स काढायच्या असतात हे तू मुद्दाम नंतर सांगितलंस, आणि तिथे जे काही झालं ते तू बघितलंच आहेस.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून जमत नाही, तुला ॲक्सेसरी व्यायाम (मुख्य लिफ्ट्सच्या जोडीचे छोटे व्यायाम) म्हणजे टाइमपास वाटतो आणि मी कर्ल्स सोडणार नाहीये, सॉरी.

५/३/१ च्या या सायकलनंतर (काही आठवड्यांची एक फेरी) बेंचला २.५ आणि स्क्वॉटला ५ किलो वाढवायचेत, पण तिसऱ्या आठवड्यात स्क्वॉटच्या शेवटच्या सेटला कंबर आधी वर येत होती. व्हिडिओ पाठवलाय, बघून सांग वाढवू का तेवढ्यावरच थांबू.

खूप थँक्यू दादा.