आजीच्या स्मृतिलेखात आजी असू द्या

महोदय,

आई-आजीच्या स्मृतिदिनाच्या मजकुरात 'प्रेमळ, कष्टाळू, मायाळू' असे तीन शब्द असतात आणि खाली पंधरा शोकाकुल नावे. बाई मात्र सापडत नाही. माहेरचे नाव आधी लिहा. लग्नात नाव बदलायच्या रीतीमुळे माहेरच्या गावात तिला कित्येकदा दुसऱ्याच नावाने ओळखतात. मग गाव, तालुका आणि काम. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी कामगारांच्या खानावळी चालवल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तरी घरच्या मजकुरात त्या 'गृहिणी'च! जेवायला किती माणसे असत, १९८२ च्या गिरणी संपात उधारीचे काय झाले, हे थोरल्या आत्याला, मावशीला आताच विचारून घ्या.

फोटोची घाई करू नका. मुंबईच्या दमट हवेत फ्रेममधला जुना फोटो काचेला चिकटतो, कारण त्यावरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ होतो. ओढलात तर चेहराच काचेवर राहतो. काचेसकट ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मोबाइलने काढायचा तर फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात. आधार कार्डावरचा फोटो मोठा केला की फुटतो (आणि त्यात कोणीच स्वतःसारखे दिसत नाही).

शोकसभेच्या पत्त्यात स्थानकापुढे पूर्व की पश्चिम हे हमखास राहते. छपाईला देण्याआधी तेवढे पाहा.

– काही वाचक, लालबाग, मुंबई