बाबुरावांच्या चित्रशिल्पांची नोंद व्हावी

प्रति,
संपादक,

महोदय,

कलामहर्षी बाबुराव पेंटर यांच्यावरील आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ आणि ‘सावकारी पाश’ या त्यांच्या चित्रपटांविषयी त्यात जिव्हाळ्याने लिहिले आहे; मात्र चित्रकार आणि शिल्पकार बाबुरावांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या, याची रुखरुख वाटली. १८९० साली कोल्हापुरात मेस्त्री घराण्यात जन्मलेल्या या कलावंताला लोक ‘पेंटर’ म्हणू लागले, ते सिनेमा काढण्याच्या कितीतरी आधी.

बंधू आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीसाठी पडदे रंगविले. सपाट कापडावर राजवाड्याची खोली उभी करायची, तीही दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पटेल अशी, हे काम ज्याने केले त्यालाच रंगविलेल्या पडद्याची मर्यादा कळणार. म्हणूनच १९२० च्या ‘सैरंध्री’त त्यांनी पडद्यांऐवजी भरीव नेपथ्य वापरले. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगांची रेखाटने करीत, चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेले दामले आणि फत्तेलाल त्यांच्या हाताखाली घडले, तेही आधी चित्रकार म्हणूनच. बाबुरावांच्या सिनेमाचे मूळ कुंचल्यात आहे, हे लेखात यायला हवे होते.

शिल्पाचे तर त्याहून नवल वाटते. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केल्यानंतर भालजी पेंढारकर यांच्या पुढाकाराने १९४५ साली त्याच जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसविण्यात आला आणि तो घडविला बाबुरावांनी. मी चित्रकलेचा शिक्षक असताना दरवर्षी मुलांना तिथे घेऊन जात असे. सकाळचे तिरपे ऊन पडले की जिरेटोपाखालची सावली डोळ्यांवर उतरते आणि नाकाची धार उठून दिसते. ते मी मुलांना स्केचबुकात टिपायला सांगत असे. हा पुतळा कोणी केला, असे विचारल्यावर मात्र एकही हात वर येत नसे. दोष मुलांचा नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

बाबुरावांचे १६ जानेवारी १९५४ रोजी निधन झाले, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. कॅनव्हास सैल पडतो, रंगाला पापुद्रे सुटतात, आणि वाटण्या झाल्या की घरातली चित्रे कुठल्या कुठे जातात. संग्रहालयांत आणि घरोघरी असलेल्या त्यांच्या कलाकृतींची मापे, माध्यम, सही आणि सद्यःस्थिती यांसह एक सचित्र सूची तयार व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या दैनिकाने वाचकांना आवाहन केल्यास कोल्हापूर परिसरातील छायाचित्रे काढण्याचे काम मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामोबदला करू.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
कोल्हापूर