नातीच्या सोरॉरिटीबद्दल

ह्यूस्टन

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मागे सगळ्यांचा गलका होता, म्हणून नीट सांगता आलं नाही. तुझी नात कुठल्या पंथाबिंथात गेलेली नाही. डेल्टा फाय ओमेगा ही कॉलेजातल्या मुलींची संघटना आहे, इथे तिला सोरॉरिटी म्हणतात. ग्रीक अक्षरांची नावं ठेवायची इथली जुनी पद्धत. देवाधर्माशी संबंध नाही.

ही निघाली इथल्याच ह्यूस्टन विद्यापीठात, ६ डिसेंबर १९९८ला. त्याआधी महिनाभर ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा ही अशीच दक्षिण आशियाई मुलींची सोरॉरिटी निघाली होती. १९६५चा इमिग्रेशनचा कायदा आल्यावर आपले डॉक्टर-इंजिनिअर इकडे आले, त्यांच्या मुली तोवर कॉलेजात पोचल्या होत्या. गोऱ्या मुलींच्या सोरॉरिट्या होत्या, कृष्णवर्णीय मुलींच्या तर १९०८पासून. कमला हॅरिस त्यातल्याच पहिलीच्या, अल्फा कप्पा अल्फाच्या. आपल्या मुलींचं मात्र दिवाळीचा कार्यक्रम झाला की संपलं, असं असणार. शिवाय गुजराती एकीकडे, तेलुगू दुसरीकडे. म्हणून यांनी भारत, पाकिस्तान, बांगलादेश असा भेद ठेवलाच नाही. दक्षिण आशियाई नसलेल्या मुलीही येऊ शकतात. आता देशभर शाखा आहेत. साक्षरतेचं काम करतात, त्यासाठी पैसे जमवतात.

नव्या मुलींचा कार्यक्रम बघायला आम्ही गेलो होतो. चेहरे झाकून एकीमागे एक, अगदी चिकटून उभ्या, आणि स्थापनेपासूनचा इतिहास एका दमात ओरडून म्हणायचा. आपली कुठली हे मला आवाजावरूनच कळलं, घसा पार बसला होता! पाय आपटत नाचायची ती पद्धत कृष्णवर्णीय मुलींच्या संघटनांकडून आलेली. हे मात्र तिने मला दोनदा बजावून सांगितलं, ते बरं वाटलं.

वर्गणी भरपूर आहे, ह्यांची कुरकुर चालूच असते. मलाही रात्री उशिरापर्यंतच्या मीटिंगा आवडत नाहीत. रॅगिंगचं मी सरळ विचारलं. इथे त्याविरुद्ध कायदा आहे आणि तसं काही नाही म्हणाली. तरी लक्ष ठेवून आहे. पण परवा तिला ताप आला तेव्हा मी पोचायच्या आत खिचडी घेऊन हजर झाली ती हैदराबादी मैत्रीण, सोरॉरिटीतलीच.

पुढच्या महिन्यात त्यांचा साक्षरतेसाठी निधी जमवायचा कार्यक्रम आहे. तिला नऊवारी नेसायची आहे. तुझी हिरवी, जरीकाठाची, दादाबरोबर पाठवशील का? ब्लाऊज इथे शिवून घेईन.

तुझी,
माई