मंत्रीसाहेब, सर्किटचा कागद कुठंय?

मा. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार. मी चोपड्याचा, जिल्हा जळगाव. मोटारीचे मोबाईल स्टार्टर बनवतो, म्हणजे शेतकरी घरून मिसकॉल देतो आणि विहिरीवरची मोटार चालू होते ना, तो डबा. आमच्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यात सगळी केळी, रात्री दोनला बिबट्याच्या भीतीत विहिरीवर कोण जाईल, म्हणून धंदा चालतो. दुकान लहान आहे, मी, भाचा आणि सोल्डरिंगला एक पोरगा.

पत्र लिहायचं कारण एक शाळा. सातपुड्याच्या पायथ्याची, नाव नको. तिथं योजनेतून २० छोटे कॉम्प्युटर आले, दोन वर्ष चालले, मग पुरवठा करणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, त्याचा सर्व्हरही बंद, आणि मशीन चालू केली की ती त्या सर्व्हरलाच शोधत बसते. मास्तरांनी मला बोलावलं. म्हटलं काळजी नको, बॉस लिनक्स टाकून देतो, विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टीम, सरकारच्या सीडॅक संस्थेचीच आहे, फुकट आहे. पेनड्राईव्ह लावला तर घेईनाच, बायोसला, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालतो त्या प्रोग्रामला, पासवर्ड. रॅम ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत, पैसा सरकारचा, मशीन शाळेची, आणि पासवर्ड पळालेल्या माणसाकडे. वीसच्या वीस डबे कपाटात गेले, पोरं काचेतून बघतात.

आता तुम्ही म्हणाल, हा पण "सगळं ओपन करा" म्हणणाऱ्यातला. नाही साहेब, मी ओपन करून मार खाल्लेला माणूस आहे. पहिला स्टार्टर बनवला तेव्हा सर्किट, पीसीबीची (पार्ट बसवायच्या बोर्डाची) फाईल, प्रोग्राम सगळं नेटवर टाकून दिलं, लय भारी वाटलं होतं. चार महिन्यात शेजारच्या तालुक्यात तोच डबा माझ्यापेक्षा सहाशे रुपये स्वस्त, माझ्या प्रोग्राममधल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. त्याला डोकं लावायचा खर्च नाही, सुट्टे पार्ट जाळून शिकायचा खर्च नाही, तो स्वस्त देणारच की. मग मीही तेच केलं जे सगळे करतात, आयसीचे, म्हणजे चिपचे, नंबर पॉलिश पेपरनं घासले आणि बोर्डावर काळं इपॉक्सी, म्हणजे वाळून दगड होतो तो चिकट रस, ओतलं. बस, झाला डबा बंद.

एक सिझन सुखात गेला. मग मे महिन्यात मी लग्नाला सुरतेला आणि अडावदच्या एका भाऊचा फोन, "भाऊ, तुन्हं डबडं बंद पडनं." गावात वायरमन होता, चांगला हुशार, पण नंबर घासलेले, वरून इपॉक्सी, तो काय उघडणार? आणि जुना स्टार्टर मीच काढून नेलेला. तीन दिवस केळीला पाणी नाही, वर ४५ डिग्री. मी आलो तेव्हा पानं लोंबत होती आणि तो माणूस मला काही बोलला नाही, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा हिशेब असाय, सर्किटचा कागद प्रत्येक डब्याच्या झाकणात आतून चिकटवलेला, आयसीचे नंबर दिसतात, कोणीही रिपेअर करा. पीसीबी छापायची फाईल मात्र माझ्याकडे, नवीन मॉडेल आलं की जुन्याची नेटवर टाकतो. कॉपी होते अजूनही, पण कमी, कारण रिपेअरला लागणारा कागद वेगळा आणि कारखान्याला लागणारी फाईल वेगळी. आपल्याकडे या दोघांची गल्लत करून कंपन्या दोन्ही दाबून ठेवतात.

मोठ्या लोकांनीही हेच कमीजास्त केलंय. अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम टाकून काहीही बनवायचा छोटा बोर्ड, २००५ ला इटलीतल्या इव्रेयात सुरू झालं, डिझाईन खुली आणि नाव तेवढं ट्रेडमार्क. (मी स्वतः शिकलो ते चारशे रुपयाच्या कॉपी बोर्डावर, तेव्हा कॉपीवाल्याला किती शिव्या द्यायच्या हाही प्रश्नच आहे.) रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर पूर्ण खुला नाही, तरी लिनक्स चालतं, कागदपत्रं मिळतात, आणि ती कंपनी २०२४ ला लंडनच्या शेअर बाजारात गेली. उलट आयबीएमनं १९८१ च्या पीसीचं सर्किट मॅन्युअलमध्ये छापलं, दुसऱ्यांनी आपापले बायोस लिहिले, बाजार क्लोनवाल्यांनी, म्हणजे तसेच चालणारे पीसी बनवणाऱ्यांनी, खाल्ला आणि शेवटी २००५ ला आयबीएमनं पीसीचा धंदा लेनोवोला विकला. आयबीएमचा तोटा झाला हे खरं, पण आपल्याकडची असेंबल पीसीची सगळी दुकानं त्यावरच उभी राहिली.

तुमच्या खात्यानं काहीच केलं नाही असं नाही. २०१५ ला ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं धोरण आणलं, २०२२ ला रिस्क-फाइव्हचा, म्हणजे चिपच्या खुल्या भाषेचा, कार्यक्रम, आयआयटी मद्रासचा शक्ती, सीडॅकचा वेगा हे प्रोसेसर, अभिमान वाटतो. पण साहेब, चिपची भाषा खुली म्हणजे डबा खुला नाही. उद्या शक्ती टाकलेल्या मशीनलाही कोणी बूट लॉक, म्हणजे दुसरी सिस्टीम चालूच न होऊ देणारं कुलूप, मारलं तर आमच्या मास्तरांना काय फरक पडणार? २०२३ ला आयटी हार्डवेअरच्या पीएलआयला, म्हणजे इथं माल बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रोत्साहन योजनेला, १७ हजार कोटी ठेवले, त्यात माल किती बनला आणि विकला हे बघता, बंद पडला तर कोण उघडू शकेल हे पण बघा ना.

माझं मागणं जास्त नाही. सरकारी पैशानं जे मशीन घ्याल त्याचा बायोस पासवर्ड आणि रिपेअरचं सर्किट माल देतानाच खरेदीदाराच्या हातात द्या. फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्राम, आणि बाकीची डिझाईन कंपनीनं तुमच्याकडे सीलबंद जमा करावी, ती सर्व्हिस देते तोवर सील तसंच राहू द्या, तिला कमवू द्या, कमावणं पाप नाही. सर्व्हिस बंद, की सील फोडा. आणि टेंडरमध्ये सगळ्यात स्वस्त तोच पास, हे जरा बदला, कागद देणाऱ्याला थोडी सूट द्या, नाहीतर घासलेल्या आयसीवालाच दरवेळी स्वस्त पडतो, मी केलंय म्हणून सांगतो.

त्या शाळेतले डबे मी अजून सोडले नाहीत. बायोसची चिप काढून प्रोग्रामरवर वाचायचा प्रयत्न चालू आहे, एक उघडला, एक मेला, अठरा बाकी.

सोबत माझ्या स्टार्टरच्या झाकणातला कागद जोडतोय. कोपऱ्यात केळीच्या चिकाचा डाग आहे, तो काही निघत नाही, तेवढं चालवून घ्या.

आपला,
चोपड्याचा एक स्टार्टरवाला