ससा घरी आणण्यापूर्वी त्याचा डॉक्टर शोधा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांसाठी पहिला पाळीव प्राणी कोणता घ्यावा, असा विषय निघाला की सशाचे नाव हमखास पुढे येते. तो भुंकत नाही, फारशी जागा व्यापत नाही, आणि ‘याचे काही करावे लागत नाही’ असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. हा समज सशाच्या जिवावर बेततो, म्हणून हे पत्र. नीट सांभाळलेला ससा साधारण ८ ते १२ वर्षे जगतो. पहिलीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल बारावीला जाईपर्यंत घरात असू शकतो, आणि त्या सगळ्या काळात त्याची जबाबदारी मुलाची नव्हे, घरातल्या मोठ्यांची असते.

सशाची खरी अडचण ही, की तो आजार लपवतो. निसर्गात तो इतरांचे भक्ष्य असल्यामुळे दुखणे अंगावर काढणे हा त्याचा स्वभावच झाला आहे. पोट दुखत असले तरी तो ओरडत नाही. कोपऱ्यात अंग आक्रसून, डोळे अर्धवट मिटून बसतो आणि फार तर दात करकर वाजवतो. घरच्यांना वाटते, पेंगत असेल. प्रत्यक्षात त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. ती मंदावली की आत वायू साठतो, वेदनेमुळे ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी सुस्तावतात. त्यातच सशाला उलटी होऊ शकत नाही. त्यामुळे दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठायला हवा. पोट फुगून टणक झाले असेल तर घरच्या घरी बळेच भरवण्याचा प्रयत्नही करू नये. आत अडथळा असल्यास त्याने हानीच होते.

म्हणून रोज पिंजरा झाडताना लेंड्यांकडे लक्ष द्यावे, हे ऐकायला कितीही विचित्र वाटले तरी. निरोगी सशाच्या लेंड्या टपोऱ्या, गोल आणि जवळपास एकाच आकाराच्या असतात. चिमटीत दाबल्या तर त्यांचा भुगा होतो आणि त्यात गवताचे तंतू दिसतात. त्या बारीक, कडक, वेड्यावाकड्या होऊ लागल्या की काहीतरी बिघडते आहे असे समजावे. याखेरीज ससा मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या टाकतो आणि लगेच खातोही. ते पाहून काही जण त्याला मारतात, पण हा त्याच्या पचनाचाच भाग आहे; त्याला रागावण्याचे काहीच कारण नाही.

सशाचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. ही वाढ झिजते ती वाळलेले गवत तासन्‌तास चघळल्याने, म्हणून आहाराचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग गवताचा असावा. चित्रांतल्या सशाच्या हाती कायम गाजर असते, पण साखर जास्त असल्याने ते अधूनमधून एखाद्या तुकड्यापुरतेच बरे. दाढांना टोके आलेला ससा वाटीजवळ येतो, खाणे हुंगतो आणि माघारी फिरतो. त्याची हनुवटी लाळेने ओली राहते. यालाच लोक ‘नखरे’ म्हणतात!

औषधांच्या बाबतीत तर मोठ्या सावधगिरीची गरज आहे. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिले, तर आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून तो दगावू शकतो. कुत्र्याच्या पिसवांवर वापरले जाणारे फिप्रोनिलही सशाला घातक ठरते. त्यामुळे घरातले उरलेले औषध ‘थोडेसे’ देऊन पाहण्याचा मोह टाळावा, आणि सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला डॉक्टर ससा आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. मादी असल्यास नसबंदीविषयी त्यांच्याशी वेळेवर बोलावे, कारण वय वाढते तसा तिच्या गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. नर आणि मादी एकत्र ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की गर्भकाळ जेमतेम महिन्याचा असतो आणि व्याल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

ससे विकणाऱ्यांनी प्रत्येक सशासोबत त्याचे वय, तो नर आहे की मादी, त्याचा आहार आणि धोक्याची लक्षणे लिहिलेला कागद द्यावा, आणि ग्राहकांनीही तो मागून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने सशांच्या आजारांवर एखाद्या अनुभवी पशुवैद्याचे लेखन प्रसिद्ध केल्यास अनेक घरांना त्याचा उपयोग होईल.

आपला नम्र,
एक वाचक